व्यत्ययाचा रकाना

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नव्हे, कामासाठी. येत्या अठ्ठावीसला कारखान्याचा कुटुंब मेळावा आहे आणि त्यात ‘संसार टिकतो कसा’ या विषयावर मी बोलायचं ठरलं आहे. ठरलं म्हणजे मीच हात वर केला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेलं कोणी बोलेल का, असं पर्सनलच्या बाईंनी कँटीनमध्ये विचारलं होतं. आमच्या स्टोअरकीपरची एकतीस झालीत, पण तो म्हणाला, मला बाबा त्यातलं काही कळत नाही. एकतीस वर्षं करूनही कळत नाही म्हणजे कमाल आहे.

माझी लायकी: लग्नाला मे महिन्यात पंचवीस पूर्ण. शिवाय मी धंद्यानेच टिकाऊपणा तपासतो. आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्या बनतात. माझ्या टेबलावरचं मशीन एकेक बिजागरी एक लाख वेळा उघडतं आणि मिटतं, आणि ती कुठे ढिली पडते ते मी बघतो. तेव्हा हा विषय म्हणजे माझ्या हातचा मळ.

बाईंनी एक लेखही दिला. दोन पानी झेरॉक्स. कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं जोडप्यांना खोलीत बसवून बोलायला लावलं आणि सगळं मोजलं. निष्कर्ष पहिल्याच पानावर आहे: जी लग्नं टिकतात त्यांत एका कडू बोलामागे पाच गोड बोल असतात. पाचास एक. आकडा मिळाला की मला बाकी काही लागत नाही. दुसरं पान सवडीने वाचेन.

हे लिहीत असताना ही गॅलरीतून म्हणाली, अहो, इकडे या, समोरचे आजोबा दोरीच्या उड्या शिकतायत. माणूस लिहायला बसला की घरातल्यांना नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

कारखान्यातून एक कोरी तपासणी वही आणली. रकाने छापलेलेच असतात, वरची नावं तेवढी बदलली. तारीख-वेळ, गोड, कडू, व्यत्यय, मी काय केलं. व्यत्ययाचा रकाना मूळचाच. मशीन चालू असताना वीज गेली किंवा कोणी मध्ये हात घातला तर तिथे लिहायचं, नाहीतर चाचणी बाद धरतात. घरी व्यत्यय म्हणजे मी प्रयोगात गुंतलेलो असताना हिने मध्येच काढलेला भलता विषय. सगळे लिहिणार. माझ्या वहीत तेवीस वर्षांत एक खाडाखोड नाही.

हिला काही सांगितलेलं नाही. ज्याची चाचणी घ्यायची त्याला आधीच कळलं तर तो शहाण्यासारखा वागू लागतो.

गोड वाक्यांची यादी केली. वीस झाली. शेवटची चार सुचायला वेळ लागला.

४ सप्टेंबर, बुधवार. रात्री ८

पहिला दिवस फत्ते. गोड ५, कडू १.

पाचही गोड सकाळी ७.१० ते ७.१४ मध्ये उरकले. एकगठ्ठा काम बरं पडतं. यादीतलं क्रमांक १ (आज फ्रेश दिसतेस) म्हटलं तेव्हा ही दात घासत होती. क्रमांक ३ (तुझ्या हाताला चव आहे) म्हटलं तेव्हा मी बेकरीचा पाव खात होतो, पण भावना पोचली असणार. पाचवं झाल्यावर हिने विचारलं, काही फोडलंत का. 

कडू बोल संध्याकाळी दिला. खरं तर आज तक्रारीला जागा नव्हती. पण संशोधन पाचास एक म्हणतं, पाचास शून्य म्हणत नाही. ओल्या टॉवेलवरून बोललो. टॉवेल माझाच निघाला.

व्यत्यय ३. एक, आजोबांनी आज सलग दोन उड्या मारल्या. दोन, स्वयंपाकघराचं दार कुरकुरतंय. तीन, हिच्या हॉस्पिटलची दुसऱ्या गावात नवी शाखा निघतेय. मी काय केलं: अनुक्रमे ‘हं’, ‘ती बिजागरी आमच्या कंपनीची नाही’, आणि ‘बरं’.

ही डोळ्यांच्या हॉस्पिटलात चष्म्याच्या काचा घासून बसवते. अठरा वर्षं. हॉस्पिटल वाढतंय ही चांगलीच गोष्ट आहे.

८ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. ती होस्टेलवर असते, रविवारी बोलते. तिला प्रयोग सांगितला. कोणाला तरी सांगणं भाग होतं. ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, बाबा, दुसरं पान वाचलंत का. म्हटलं, निष्कर्ष पहिल्यावरच आहे, पुढे नुसता पाल्हाळ असतो. ती म्हणाली, तुम्ही माझं प्रगतिपुस्तकही असंच बघायचात, मार्कांची बाजू बघून सही करायचात, मागे बाईंनी काय लिहिलंय ते आईच वाचायची. मुलांच्या काय काय लक्षात राहतं.

शेवटी तिने विचारलं, आईचं काय ठरतंय. कशाचं, विचारलं. ती म्हणाली, आईलाच विचारा.

विचारायचं ठरवलं. पण तेव्हा पाचपैकी दोनच गोड झाले होते आणि साडेआठ वाजत आले होते, त्यामुळे आधी ते.

१० सप्टेंबर, मंगळवार

भाषणाला कागद हवे होते. जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगाखाली तीन कागद सापडले. जाड, गुळगुळीत, एका बाजूने पूर्ण कोरे. दुसऱ्या बाजूला हिच्या हॉस्पिटलचं काहीतरी बारीक टाइपात छापलेलं. चष्मा आतल्या खोलीत होता. असले कागद हॉस्पिटलं वाटतच असतात. दोन दिवस तिथेच पडून आहेत म्हणजे नको असणार.

कोऱ्या बाजूवर भाषणाचा पहिला खर्डा. सुरुवात झकास जमली: ‘बिजागरी आणि बायको यांत फरक इतकाच की बिजागरीला गॅरंटी असते.’ इथे हशा येईल. हशासाठी चार सेकंद थांबायचं.

व्यत्यय ४. त्यात, जरा पाच मिनिटं बसता का, एक बोलायचंय. वेळ १९.०५. मी काय केलं: ‘नंतर’.

१२ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

स्टोअरकीपर रोज जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन लावतो. आज कान देऊन ऐकलं, म्हटलं एकतीस वर्षांचा अनुभव आहे, काही गोड वाक्यं उचलता येतील. कसलं काय. दहा मिनिटं हा शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलत होता. आज लंगडत होता का. कुठल्या पायाने. मग पट्टी कोणी बांधली. एक गोड शब्द नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, वहिनींचं कधी कौतुक करत जा. तो म्हणाला, तिला कुत्र्याची काळजी लागलीय रे. कुत्रा यांचा नाहीसुद्धा.

अशी लग्नं टिकतात ती निव्वळ नशिबाने.

१५ सप्टेंबर, रविवार

अकरा दिवसांचा गोषवारा. गोड ५५, कडू ११. बरोब्बर पाचास एक. मशीनवरही इतका स्वच्छ आलेख येत नाही.

हिच्यात फरक दिसतोय. कमी बोलते. शांत झाली आहे. क्रमांक ९ (तू आहेस म्हणून घर आहे) काल म्हटलं तेव्हा माझ्याकडे नुसती बघत राहिली, मग आत जाऊन भांडी लावत बसली. समाधानी माणूस असाच असतो.

आजोबा नऊ उड्यांवर पोचल्याचं कळलं. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय असं हिचं म्हणणं आहे, कारण मी वही हातभर लांब धरतो. लांब धरली की नीट दिसतं, मग नंबर वाढला कसा म्हणता येईल.

१८ सप्टेंबर, बुधवार

ही सकाळपासून काहीतरी शोधत होती. विचारलं, टेबलावरचा लिहिलेला कागद बघितलात का, तीन पानं होती, भरून द्यायची आहेत. म्हटलं, लिहिलेला कागद मी बघितलेला नाही. खरंच नाही. मी बघितलेले सगळे कोरे होते.

तिने गाद्यासुद्धा उचलून बघितल्या. शेवटी हॉस्पिटलात फोन करून म्हणाली की माझ्याकडून हरवला, दुसरा द्या. हरवण्याची तिला पूर्वी सवय नव्हती. वय होतं माणसाचं.

भाषण मात्र तयार. तिन्ही कागद भरले. सध्या माझ्या बॅगेत, प्लास्टिकच्या फाइलीत.

२० सप्टेंबर, शुक्रवार. रात्री १०.३०

विक्रमी दिवस.

जेवणं झाल्यावर ही समोर येऊन बसली. हात पदराआड घेऊन... खोडतो, चुकलं. पहिली खाडाखोड. हात मांडीवर घेऊन बसली, असं लिहायचं होतं. म्हणाली, आज शेवटची तारीख होती, मी ठरवलंय, तुम्हाला चालेल ना.

मी यादीतल्या क्रमांक १३ वर होतो, त्यामुळे पुढचं आपोआप आलं. क्रमांक १४: तुझे निर्णय कायम बरोबर असतात. हिने विचारलं, खरंच? क्रमांक १५: मी कायम तुझ्याबरोबर आहे. मग काय विचारता. हिचे डोळे भरून आले. माझा हात हातात घेतला. म्हणाली, मला वाटलं तुम्ही ऐकतच नव्हता. एवढं वर्षभराचं प्रकरण, मला किती धाकधूक होती.

कशाचा निर्णय ते त्या भरात विचारायचं राहिलं. बहुधा पडद्यांचा. पण परिणाम बघा. दोन वाक्यांत डोळ्यांत पाणी. पंचवीस वर्षांत असं झाल्याचं आठवत नाही.

आज गोड ७, कडू ०. प्रमाण बिघडत होतं म्हणून झोपण्यापूर्वी उशीच्या अभ्र्यावरून थोडं बोललो. त्यावरही ती हसली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

घरात खरेदी चालू आहे. एक मोठी बॅग, दोन चादरी, छोटी किटली. विचारलं नाही. सुखी बाई खरेदी करते, हे कळायला संशोधन लागत नाही.

आजोबा चौदा. दार अजून कुरकुरतं. ते इतकं वाजतं की ही पाणी प्यायला उठली तरी मला दुसऱ्या खोलीत कळतं. मेळावा झाला की बघू.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या भाषण. आरशासमोर तीन वेळा म्हटलं. हिला पहिल्या रांगेत मधोमध बसवायचं पर्सनलच्या बाईंना सांगून ठेवलं आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, जिवंत पुरावाच समोर असेल.

कागद छातीच्या उंचीवर, हातभर लांब धरायचे. तिथून मला उत्तम दिसतं.

२८ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो. क्रमाने.

हॉलमध्ये साठेक माणसं, पहिली रांग अगदी माझ्या पुढ्यात. भाषण सव्वादहाला सुरू. बिजागरीच्या विनोदाला चार सेकंद थांबलो. हशा आला नाही, पण पहिली रांग पुढे झुकली होती. माना एका बाजूला कलवून सगळे माझ्या कागदांकडे टक लावून बघत होते. भाषण इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी कागद आणखी थोडे वर धरले. फक्त हीच मान खाली घालून बसली होती. म्हटलं, लाजली असेल.

टाळ्या झाल्या. पर्सनलच्या बाई माइकवर आल्या. म्हणाल्या, सर्वांत आधी वहिनींचं अभिनंदन. साहेबांनी किती कल्पकतेने सांगितलं बघा, भाषणाच्या मागच्या बाजूला वहिनींच्या नेमणुकीचं पत्रच धरलं होतं. हॉस्पिटलच्या नव्या शाखेत चष्मा विभाग उभा करायला एक वर्षासाठी प्रमुख म्हणून, सात ऑक्टोबरपासून. संसार टिकतो तो असा.

पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या. माझ्या जरा उशिरा सुरू झाल्या.

नवी शाखा म्हणजे बसने साडेचार तासांचं गाव. एक वर्ष. हे मला साठ माणसांबरोबर कळलं, आणि पहिल्या रांगेला माझ्याआधी कळलं.

बाईंचं संपलं नव्हतं. म्हणाल्या, साहेबांनी पहिल्या पानावरचं छान सांगितलं, आता दुसरं मी वाचते. आणि वाचलं. म्हणे, त्या संशोधकांना सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते गोड बोलणं नव्हतंच. जोडीदार दिवसभर छोटं-छोटं काहीतरी बोलतो. अरे ते बघ. आज काय झालं माहितेय. दार वाजतंय. त्या प्रत्येक वेळी तो हाक मारत असतो. दुसरा वळून बघतो की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग त्यांनी माइक हिच्यासमोर धरला. हसत विचारलं, वहिनी, यांचं काय, वळून बघतात का.

ही उठली. आधी माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, बघतात ना. मी जाऊ का विचारलं तेव्हा म्हणाले, मी कायम तुझ्याबरोबर आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्टोअरकीपर तेवढा चष्मा पुसत बसला होता.

मला लाज वाटली. वीस तारखेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते क्रमांक १५ ला आलं होतं, आणि मी तेव्हा ऐकतच नव्हतो हे आज कागद बघून तिला कळलं. तरी ती माझी बाजू सावरून खाली बसली.

परतताना बसमध्ये तिने कागद मागितले. दिले. मागून-पुढून वाचले. म्हणाली, अक्षर सुधारलंय तुमचं. म्हटलं, टाइप फार बारीक होता. ती म्हणाली, नंबर वाढलाय, केव्हाची सांगतेय. नंतर ती खिडकीबाहेर बघत होती. मला नको जाऊ म्हणायचं होतं. पण मी आठ दिवसांपूर्वीच हो म्हणून बसलो होतो.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळी

दुसरं पान स्वतः वाचलं. चष्मा लावून आणि हातभर लांब धरून.

मग वही काढली. व्यत्ययाच्या रकान्याची बेरीज केली. एकूण ५८. समोरचे आजोबा १९. नवी शाखा १४. स्वयंपाकघराचं दार ११. माझा चष्मा ७. किरकोळ ७.

मी काय केलं: ‘हं’ ३१. ‘बरं’ १२. ‘नंतर’ ९. उत्तर नाही ५. वळून बघितलं १.

त्या एका वेळी पेन गॅलरीच्या दिशेने घरंगळलं होतं.

नोंदी मात्र चोख आहेत. तारीख, वेळ, विषय, सगळं. जगात कुठल्याही नवऱ्याकडे इतका पक्का पुरावा नसेल. चौदा वेळा सांगितलं हिने. मी चौदाही वेळा लिहून घेतलं.

३० सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१५

रडत बसण्यात अर्थ नाही. चूक पद्धतीत होती, माणसात नव्हती. ती जायला सहा दिवस आहेत. नवी पद्धत आजपासून.

व्यत्यय हा शब्द खोडून ‘हाक’ लिहिलं. प्रत्येक हाकेला मान वळवायची, निदान पंचेचाळीस अंश. तीन सेकंद तशीच ठेवायची. मग ‘हं’. नुसतं ‘हं’ नाही, वळून ‘हं’. उद्दिष्ट शंभर टक्के.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री

उद्दिष्ट पूर्ण. पाच दिवसांत हाका १६, मान वळवली १६. आज तर नव्वद अंशांपर्यंत गेलो. जेवताना हिने विचारलं, मान अवघडलीय का, आणि मलम आणून दिलं. लावून घेतलं. नाही कसं म्हणणार.

महिनाभर आधी ही पद्धत हाती लागती तर तिने जायचं ठरवलंच नसतं असं वाटतं. तरी संध्याकाळी धीर करून म्हटलं, नाही गेलीस तर. ती बॅगेत चादरी ठेवत होती. म्हणाली, अठरा वर्षं दुसऱ्यांनी लिहून दिलेल्या नंबरच्या काचा बसवल्या, आता माझ्या नावाचा विभाग मिळतोय. मला जायचंय हो. रागाने जात नाहीये, शनिवार-रविवार येईन. मग म्हणाली, तुमच्यावर रागावले असते तर एकदाच सांगितलं असतं, चौदादा कशाला सांगितलं असतं.

चौदा हा आकडा तिला कसा माहीत, कळलं नाही. मी वही कपाटावर ठेवतो.

६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

बस साडेनऊची. बॅग मी चढवली. यादी संपली होती आणि नवीन काही सुचत नव्हतं. पाण्याची बाटली घेतलीस का, एवढंच विचारलं. तिने ती वर धरून दाखवली. बस वळेपर्यंत धरून होती.

घर ठीक. व्यवस्थित. जेवण केलं. एकच ताट असलं की धुवायला फार सोपं.

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी

स्वयंपाकघराचं दार कुरकुरायचं थांबलं आहे. आपोआप. कंपनी कुठलीही असो, बिजागरी काही दिवसांनी स्वतःच मुरते असं माझं मत होतंच. कारखान्यात यावर टिपण लिहावं.

सायंकाळी ७

ओट्याच्या कोपऱ्यात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी सापडली, शेजारी चिंधी. जायच्या आधी तिनेच तेल घातलं. टिपण रद्द.

स्टोअरकीपरला सांगितलं. तो म्हणाला, कुरकुरते ती बिजागरी चांगली रे, न वाजता सुटते तिची भीती. हे मी तेवीस वर्षं नव्या माणसांना शिकवत आलो आहे. दार आता एवढं गप्प आहे की मी दोनदा उगाच उघडून बघितलं.

९ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७.४०

६.५० ला तिचा फोन. खोली बरी आहे. काचा घासायचं मशीन पोचलं, पण बसवणारा आलेला नाही. मी प्रत्येक वाक्याला मान वळवत होतो. फोनवर त्याचा उपयोग नाही हे तीन-चार वाक्यांनी लक्षात आलं.

मग तिने विचारलं, समोरच्या आजोबांचं काय.

आता मी तिकडे काही बघितलेलं नव्हतं. पण ही हाक आहे हे मला लगेच कळलं. शिकलेला माणूस आहे मी. म्हटलं, जोरात चालू आहे, आज सलग एकवीस मारल्या. तेवीस वर्षांत मी कधी बनावट आकडा लिहिला नव्हता. तोंडून सहज गेला.

 पलीकडून हसण्याचा आवाज. म्हणाली, अहो, आजोबा शुक्रवारीच लेकीकडे राहायला गेले. सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही तर चांगली मान वळवून हं म्हणालात. खूप हसली. मग म्हणाली, ठेवते, भाजी लागेल खाली.

वही काढून बघितली. ४ ऑक्टोबर, १८.१०. ‘आजोबा लेकीकडे गेले, जाताना हात केला, दोरी इथेच राहिली.’ मी काय केलं: मान ९० अंश, ३ सेकंद, ‘हं’. माझंच अक्षर. सुधारलेलं.

मान तिच्याकडे वळवली होती. ती गॅलरीकडे बोट दाखवत होती.

७.१५ ला गॅलरीत गेलो. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. समोरची गॅलरी बंद. खिळ्याला दोरी टांगलेली. मुठी लाकडी, एका मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. चष्मा लावूनही मुठींचा रंग नीट दिसेना. नंबर वाढला आहे.

फोन लावला. म्हटलं, दोरी खिळ्यालाच आहे. एक मूठ फुटलेली दिसते, चिकटपट्टी लावलीय.   ती म्हणाली, डावी ना? पहिल्याच दिवशी कठड्यावर आपटली होती त्यांनी. म्हटलं, हो, डावी. रंग कुठला आहे, तेवढं मला दिसत नाही. ती म्हणाली, हिरवा. शनिवारी आले की तुमचे डोळे तपासू.

आजची नोंद. गोड ०. कडू १, तोही मी स्वतःलाच. हाका १. मी काय केलं: बघितलं. वीस मिनिटं उशिरा.